प्री-ऑर्डर बोनस: गेमसोबत मिळतं ते नक्की किती कामाचं?

सेव्हपॉइंट

मोठ्या गेमची घोषणा झाली की गेम कसा आहे हे कळायच्या आधी तो किती एडिशनमध्ये विकायचाय हे कळतं. स्टँडर्ड, डिलक्स, अल्टिमेट, आणि प्रत्येकीखाली ‘आत्ताच बुक करा’ म्हणून एक यादी: एखादं चिलखत, एखादी बंदूक, घोड्याचा वेगळा रंग, क्वचित एखादं मिशन, हल्ली तर तीन-चार दिवस आधी खेळायची मुभाही.

या बोनसचं मोल कसं करायचं यावर बोलायचंय. माझं मत असं की ते लाँचच्या दिवशी करू नये, वर्षभरानं करावं. तोवर ती वस्तू मी वापरतोय का? ती सगळ्यांनाच मिळून गेली का? आणि तिच्यापायी मी जे सोडलं, म्हणजे रिव्ह्यू वाचून मग ठरवायची मोकळीक, ते भरून निघालं का? दुकानात मोजक्या डिस्क यायच्या तेव्हा नाव नोंदवून ठेवण्यात अर्थ होता. डिजिटल प्रत संपतच नाही. मग टंचाई उरली ती फक्त बोनसची, आणि ती विकणाऱ्यानंच तयार केलेली.

तेव्हा दोन प्रश्न. आधी पैसे भरणं ज्याच्यासाठी खरंच योग्य होतं असा एक तरी बोनस आठवतो का? आणि कथेतला भाग, पात्र किंवा मिशन बोनस म्हणून बाजूला काढलेलं तुम्हाला चालतं का?

चकवा

पहिल्याचं उत्तर: विंड वेकर.

सेव्हपॉइंट

चकवा, एवढ्यावर सोडू नका, सविस्तर लिहा.

चकवा

लिहितो. २००३ साली अमेरिकेत निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर झेल्डा मालिकेतला द विंड वेकर आला, तेव्हा आधी बुक करणाऱ्यांना एक वेगळी डिस्क मिळाली. तिच्यावर मालिकेतला आधीचा अख्खा गेम, ऑकारिना ऑफ टाइम, होता. शिवाय मास्टर क्वेस्ट, म्हणजे त्याच गेममधल्या डंजनांची मांडणी बदलून, कोडी अवघड करून बनवलेली आवृत्ती. ती मुळात निन्टेन्डो ६४ च्या जोड-ड्राइव्हसाठी योजलेली होती आणि तिथे कधी आलीच नाही.

महत्त्वाचं हे, की ज्यानं बुक केलं नाही त्याचा विंड वेकर अर्धवट नव्हता. त्याला पूर्ण गेम मिळाला. बुक करणाऱ्याला वर आणखी काहीतरी मिळालं. बोनस असा असावा.

त्याच्याच पाच वर्षं आधी, १९९८ मध्ये, ऑकारिनाच्या बुकिंगवर सोनेरी कार्ट्रिज होतं. आतला गेम अगदी तोच, फक्त रंग वेगळा. तरीही ते लोकांनी जपून ठेवलं, कारण ते हातात धरता येतं आणि कोणता सर्व्हर बंद झाला म्हणून ते नाहीसं होत नाही.

ऋतुजा_पी

माझ्या यादीत एलियन: आयसोलेशन, २०१४. बुकिंगवर ‘क्रू एक्सपेंडेबल’ नावाचं मिशन होतं. १९७९ च्या मूळ चित्रपटातलं नोस्ट्रोमो जहाज, तेच कर्मचारी, आणि सिगर्नी वीव्हरसह बहुतेक मूळ कलाकारांचेच आवाज. ज्यांनी तो चित्रपट पारायणं करून पाहिलाय त्यांच्यासाठी याहून मोठं आमिष नाही. मी ते खेळले तेव्हा व्हेंटमधून येणाऱ्या आवाजानं हातातला कंट्रोलर घट्ट धरून बसले होते.

पण याच गेमनं मला सगळ्यात जास्त राग आणला. ‘लास्ट सर्व्हायव्हर’ नावाचं दुसरं मिशन ठरावीक विक्रेत्यांकडेच. म्हणजे पूर्ण पैसे आधी भरायला तयार असलेल्या चाहत्यालाही योग्य दुकान निवडलं नाही तर चित्रपटाची नायिका रिप्ली हिचा शेवटचा भाग नाही! पुढे दोन्ही मिशनं स्वतंत्र डीएलसी, म्हणजे गेमला वेगळी डाउनलोड करून जोडायची भर, म्हणून विकायला ठेवली. तेव्हा ‘फक्त तुमच्यासाठी’ याचा अर्थ ‘फक्त तुमच्यासाठी, काही काळ’ इतकाच होता.

सेव्हपॉइंट, तुमच्या कसोटीवर हा बोनस नापास होतो. माझ्या कसोटीवर मिशन पास, विकायची पद्धत नापास.

रात्रपाळी

मी इथे एकटाच विरोधी पक्षात दिसतोय. मी प्री-ऑर्डर करतो आणि करत राहीन.

बोनससाठी नाही. चिलखतं मी उघडूनही पाहत नाही. पण आमचा चार जणांचा गट आहे, सगळे नोकरी-संसारातले, आणि नवा गेम पहिल्या रात्री एकत्र सुरू करणं हा आमचा सण आहे. ऑनलाइन गेमचा पहिला आठवडा पुन्हा कधीच मिळत नाही. कुणालाच काही माहीत नसतं. कोणती बंदूक चांगली, नकाशात कुठून वाट निघते, सगळे सारखेच अडाणी. महिन्याभरानं जा, समोरचा प्रत्येक जण पाठांतर करून बसलेला असतो आणि नवख्याला श्वासही घेऊ देत नाही.

वर्षभरानं मोजायचं म्हणता, पण हा आनंद वर्षभरानं मोजण्यातला नाहीच.

सेव्हपॉइंट

मान्य, पण ते लाँचच्या रात्री विकत घेऊनही मिळतंच की. तोवर बहुतेक रिव्ह्यू आलेले असतात.

रात्रपाळी

शंभर-सव्वाशे जीबीचा गेम, आणि माझं नेट. बुक केलं की प्री-लोड, म्हणजे लाँचआधीचं डाउनलोड, दोन दिवस आधी सुरू होतं. लाँचच्या रात्री घेतला तर बाकीचे तिघं खेळत असताना मी टक्केवारी बघत बसणार. माझ्यासाठी प्री-ऑर्डरचा खरा बोनस हाच.

चकवा

हे पटलं. जाहिरातीत याचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो आणि उपयोग सगळ्यात जास्त.

बारा_बटणं

मला एका वेगळ्याच नुकसानाबद्दल लिहायचंय, ते म्हणजे ताकद वाढवणारे बोनस.

कुठल्याही चांगल्या रोल-प्लेइंग किंवा सर्व्हायव्हल गेमचे पहिले दोन-तीन तास फार विचारपूर्वक बांधलेले असतात. तुमच्याकडे काहीच नसतं. गंजकी तलवार, दोन औषधं, फाटका अंगरखा. त्या कमतरतेतूनच गेम शिकवतो: लपायचं कसं, पळायचं कधी, कुठला शत्रू अंगावर घ्यायचा नाही. मग पहिली चांगली तलवार मिळते आणि मन भरून येतं. बुकिंग केलेल्या माणसाला मात्र सुरुवातीलाच मेलबॉक्समध्ये झळझळीत तलवार येऊन पडलेली असते. पहिल्या तासाचं सगळं शिक्षण बुडालं, आणि नंतर सापडणारी चार शस्त्रं कचरा ठरली.

नो मॅन्स स्काय, २०१६. बुकिंगवाल्यांना वेगळं अंतराळयान, त्यात हायपरड्राइव्ह आधीच बसवलेला. त्या गेमच्या सुरुवातीचा सगळा प्रवास म्हणजे मोडकं यान दुरुस्त करणं आणि दुसऱ्या तारामंडळात जाण्यासाठी तोच हायपरड्राइव्ह मिळवणं! ज्यानं सगळ्यात जास्त विश्वास दाखवून आधी पैसे दिले, त्याच्याच हातून गेमचा पहिला अध्याय काढून घेतला. हा तोटा कुणी मोजत नाही. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की असले बोनस पहिल्या फेरीत घेऊच नका, पेटीत राहू द्या. स्किन, म्हणजे नुसतं रूप बदलणारी वस्तू, असेल तर खुशाल वापरा, तिनं तोल बिघडत नाही.

निळाशार

+१. पेटीतच ठेवा.

मध्यरात्र_मेनू

ताकदीचे बोनस मल्टिप्लेयरमध्ये आणखी वाईट. तिथे माझा तोटा माझ्यापुरता राहत नाही, समोरच्याचाही होतो.

पॉलिगॉन_ताई

मी या धंद्यातच काम करते, लेव्हल डिझाइनमध्ये. स्टुडिओचं नाव सांगणार नाही. सेव्हपॉइंट यांच्या दुसऱ्या प्रश्नावर आतली बाजू सांगते, कारण ‘कापून काढलं’ हा आरोप दर वेळी खरा नसतो.

गेम बनताना एक दिवस येतो, त्यानंतर नवीन काही घालायचं नाही असं ठरतं. मग उरतं बग काढणं आणि कन्सोल कंपन्यांच्या तपासणीतून गेम पार करणं. प्रोग्रामर आणि टेस्टर तेव्हा रात्रंदिवस राबत असतात, पण कलाकार, डिझायनर यांचं मूळ गेममधलं काम बरंचसं संपलेलं असतं. स्किन, शस्त्रांचे रंग, छोटे नकाशे या काळात होतात. स्किनला टेस्टिंगही कमी लागतं. म्हणून प्रत्येक यादीत स्किन असतातच. त्या कुणाच्या ताटातून काढलेल्या नसतात.

मिशनचं तसं नाही. आवाज देणाऱ्या कलाकारांच्या तारखा, संवाद, कॅमेरा, अनुवाद, टेस्टिंग हे सगळं महिनोन्महिने आधी ठरतं. त्यामुळे बोनस मिशन म्हणजे सुरुवातीपासून वेगळ्या बजेटमध्ये धरलेली गोष्ट. चोरी नाही, पण योगायोगही नाही.

खरा वाद ‘काय’ बाजूला ठेवलं यावर व्हायला हवा. मास इफेक्ट ३ घ्या, २०१२. जाविक हे पात्र लाँचच्याच दिवशी डीएलसी होतं. कलेक्टर्स एडिशनवाल्यांना आपोआप, बाकीच्यांना वेगळे पैसे. आता जाविक कोण, तर शेवटचा जिवंत प्रोथियन, आणि प्रोथियनांचं काय झालं हे त्या मालिकेचं पहिल्या भागापासूनचं कोडं. त्याचं काम वेगळ्या बजेटमध्ये झालं असेलही. पण कथेच्या कण्याला लागून असलेलं पात्र पैशांच्या दाराआड ठेवायचं हे कुणीतरी ठरवलं, आणि ते चुकीचं ठरवलं. लेखन करणाऱ्याच्या जीवावर येणारी गोष्ट असते ती. २०२१ च्या लेजंडरी एडिशनमध्ये तो सगळ्यांना मिळाला, आणि आता पहिल्यांदा खेळणाऱ्याला तो कधी वेगळा विकला होता हे जाणवतही नाही, इतका तो त्या कथेतला आहे.

ऋतुजा_पी

ताई, फार छान लिहिलंत. प्रकाशकांना आधीचे आकडे एवढे का हवे असतात, हेही सांगा ना.

पॉलिगॉन_ताई

कारण त्या आकड्यांवर पुढचे निर्णय होतात: जाहिरात किती करायची, डिस्क किती छापायच्या, पहिल्या दिवसासाठी सर्व्हर किती लावायचे. विक्रेत्यांचंही दडपण असतं. ‘आमच्याकडे वेगळं काय देणार?’ हा प्रश्न तिथूनच येतो. तुमचं ते ठरावीक विक्रेत्यांकडेच दिलेलं मिशन त्यातूनच.

हेडशॉट_आजोबा

वॉरहॅमरची आठवण कुणी काढली नाही. टोटल वॉर: वॉरहॅमर, मे २०१६. केऑस वॉरियर्स म्हणजे त्या जगावर चालून येणारं मुख्य संकट. सगळ्या मोहिमेत त्यांच्याशी लढायचं, पण त्यांच्या बाजूनं खेळायचं तर आधी बुक करा, नाहीतर डीएलसी विकत घ्या. लोक इतके भडकले की लाँचनंतर पहिल्या आठवड्यात घेणाऱ्यांनाही तो गट फुकट द्यायचं ठरलं.

मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. एका आठवड्याची मुदत मिळाली की रिव्ह्यू वाचून, दुसऱ्याचा खेळ बघून घेता येतं. बोनस द्यायचाच असेल तर सगळ्यांनी असाच द्यावा, पहिल्या आठवड्यातल्या ग्राहकाला. विश्वासाचं बक्षीसही झालं आणि डोळे झाकायची सक्तीही नाही.

निळाशार

आणि ड्यूस एक्स? मॅनकाइंड डिव्हायडेडची २०१५ मधली योजना. जितके लोक बुक करतील तितक्या पायऱ्या उघडणार, पायरीवर ठेवलेल्या वस्तूंतून एक निवडायची, आणि सगळ्यात वरच्या पायरीला गेम चार दिवस आधी. म्हणजे पैसे तर भराच, वर आणखी गिऱ्हाईक गोळा करा!

हेडशॉट_आजोबा

आणि ती योजना लोकांनी हाणून पाडली. महिन्याभरात मागे घेतली, सगळं सगळ्या बुकिंगवाल्यांना आणि डे वन एडिशनवाल्यांना मिळेल असं जाहीर केलं. ओरडून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणं लक्षात ठेवावीत.

मध्यरात्र_मेनू

माझा मुद्दा साधा आहे. बोनस कितीही चांगला असो, गेमच चालला नाही तर?

बॅटमॅन: अर्कम नाइट, जून २०१५. बुकिंगवर हार्ले क्विनचं मिशन. पीसीवर गेम २३ जूनला आला आणि इतका अडखळत होता की दुसऱ्या दिवशी विक्रीच थांबवली. पुन्हा विक्री सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीस. सायबरपंक २०७७ तर ८० लाख लोकांनी आधी घेतला होता. १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या कन्सोलवर त्याची जी अवस्था होती ती सगळ्यांनी पाहिली, आणि आठवड्याभरात प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. परत आला जून २०२१ मध्ये. तिथे तर आधी बुक करणाऱ्यांना गेममध्ये वेगळं काही मिळणारही नव्हतं. नुसत्या नावावर ८० लाख!

चकवा

नावावर का, तर त्याच स्टुडिओनं २०१५ मध्ये द विचर ३ ला १६ छोटे डीएलसी सगळ्यांना फुकट दिले होते. कधीही घ्या, कुठूनही घ्या. विश्वास तिथे कमावलेला होता. आणि गेम पुढे त्यांनी नीट केलाही, हे सांगितलंच पाहिजे.

मध्यरात्र_मेनू

केला, पण पैसे देणारा तोवर वाट पाहत बसला.

बारा_बटणं

म्हणून रिफंडचे नियम माहीत हवेत. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, जून २०१५ पासून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. बुकिंग लाँचपूर्वी केव्हाही रद्द करता येतं, आणि नंतर हे १४ दिवस लाँचपासून धरतात. अर्कम नाइटच्या वेळी हा नियम जेमतेम तीन आठवड्यांचा होता आणि लोकांना पहिल्यांदा त्याचा मोठा उपयोग झाला.

एक पळवाट मात्र होती. काही दिवस आधी खेळायच्या मुभेतला वेळ त्या दोन तासांत धरत नसत. एप्रिल २०२४ पासून धरतात. तेव्हा आधी मिळालेल्या दिवसांत भरपूर खेळलात तर लाँचच्या दिवशी रिफंडचा हक्क संपलेला असेल.

रात्रपाळी

हे ‘आधी खेळा’ प्रकरण मात्र मलाही डाचतं. स्टारफील्ड ६ सप्टेंबर २०२३ ला येणार, पण महागडी एडिशन घेतली तर १ सप्टेंबरपासून. गेम तयार आहे. मग खरी तारीख १ सप्टेंबरच ना? बाकीच्यांना पाच दिवस ताटकळत ठेवायचं आणि त्याला बोनस म्हणायचं. आमच्या गटात दोघांनी घेतलं, दोघांनी नाही, आणि पहिल्या रात्रीची सगळी मजा गेली.

निळाशार

सुसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग, जानेवारी २०२४. ७२ तास आधी खेळायला ज्यांनी जास्त पैसे दिले, त्यांच्यातल्या काहींना गेम उघडताच तो पूर्ण झालेला दिसला! दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद. ७२ तासांतले बरेच तास त्यातच गेले. भरपाई म्हणून गेममधलं चलन दिलं.

ऋतुजा_पी

गेम उघडला आणि संपला 😂 स्पीडरनचा विक्रम घरबसल्या.

हेडशॉट_आजोबा

थोडं अवांतर, पण खोक्यातल्या वस्तूंबद्दल. १९८२ मध्ये इन्फोकॉमच्या डेडलाइन या गेममध्ये पोलिस तपासाची कागदपत्रं, पुरावा म्हणून औषधाच्या गोळ्या असं साहित्य असायचं. त्याच वर्षीच्या अल्टिमा २ मध्ये कापडी नकाशा. ते बुक केल्याबद्दल नव्हतं, प्रत्येक गिऱ्हाइकाला होतं, आणि गेम खेळताना लागायचं. नकाशा टेबलावर पसरून खेळायची ऐट काही और.

२०१८ मध्ये फॉलआउट ७६ च्या पॉवर आर्मर एडिशनमध्ये कॅनव्हासची बॅग सांगितली आणि निघाली नायलॉनची. आधी थोडं गेममधलं चलन देऊ केलं, लोक खवळल्यावर खऱ्या बॅगा द्यायचं कबूल केलं. वस्तू हातात येते तेव्हा फसवणूकही हातात दिसते. डिजिटल बोनसमध्ये ती दिसत नाही.

चकवा

डिजिटलमध्येही टिकलेलं एक आहे. लेफ्ट फोर डेड २, २००९, आधी घेणाऱ्यांना टीम फोर्ट्रेस २ या दुसऱ्याच गेममध्ये बिल नावाच्या पात्राची टोपी. देवाणघेवाण सुरू झाल्यावर ती टोपी चक्क चलनासारखी चालायची.

मध्यरात्र_मेनू

उलट टोकाला इव्हॉल्व्ह. फेब्रुवारी २०१५. आधी बुक करणाऱ्याला चौथा राक्षस, बेहेमथ, तयार झाल्यावर फुकट. पुढच्याच वर्षी गेमच फुकट झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये मुख्य सर्व्हर बंद. सेव्हपॉइंट, तुमची वर्षभराची कसोटी इथे लावा.

सेव्हपॉइंट

लावली. राक्षसासकट नापास.

इतकं वाचल्यावर माझ्या पहिल्या पोस्टमध्ये दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. एक रात्रपाळींची: प्री-लोड आणि मित्रांसोबतची पहिली रात्र, याला मोल आहे आणि ते तिथल्या तिथेच मिळतं. दुसरी आजोबांची: पहिल्या आठवड्यापर्यंत बोनसची मुदत. हे झालं तर माझी निम्मी तक्रार संपते.

पण कथेच्या बाबतीत मी हटणार नाही. जाविकसारखं पात्र, केऑससारखा गट बाजूला काढू नका.

ऋतुजा_पी

बाजूला न काढता मोठा बोनस देता येतो. असॅसिन्स क्रीड शॅडोजची तारीख २०२४ मध्ये पुढे ढकलली तेव्हा आधीची बुकिंग परत केली, आधी खेळायची मुभा काढून टाकली, आणि बुक करणाऱ्यांना पहिला विस्तार फुकट जाहीर केला. तो विस्तार गेमनंतर काही महिन्यांनी आला. मूळ गेममधलं काही गेलं नाही. चकवांच्या विंड वेकरच्या जवळ जाणारं हल्लीचं उदाहरण मला हेच वाटतं.

पॉलिगॉन_ताई

आणि हॉगवर्ट्स लेगसीचा काळा हिप्पोग्रिफ. बुकिंगचा बोनस, २०२३. मी शेवटपर्यंत त्याच्यावरच उडत होते. २०२४ मध्ये तो सगळ्यांना दिला. मला तर आनंदच झाला. माझं उडणं त्यानं कमी झालं नाही.

नवखा_खेळाडू

सगळा धागा वाचून काढला. एक गेम दहा दिवसांनी येतोय, बुकिंगवर एक मिशन आहे. मालिकेतले आधीचे सगळे भाग खेळलोय. करू का नको?

बारा_बटणं

स्टीमवर असेल तर करा, लाँचपूर्वी केव्हाही रद्द होतं. कन्सोलवर असेल तर त्या स्टोअरचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी डाउनलोड सुरू केलं की रिफंडचा हक्क जातो, त्यामुळे स्वयंचलित डाउनलोड बंद ठेवा.

सेव्हपॉइंट

आणि रिव्ह्यू कधी येणार ते शोधा. लाँचच्या एक-दोन दिवस आधी येणार असतील तर ठरवायला वेळ आहे. लाँचच्याच तासाला येणार असतील तर मी थांबलो असतो, मिशन असो वा नसो.

रात्रपाळी

मित्र घेतायत का तेही विचारा.

नवखा_खेळाडू

एकट्यानं खेळायचा आहे. रिव्ह्यू दोन दिवस आधी येणार आहेत, आणि पीसीवरच घेणार. मग बुक करतो, रिव्ह्यू वाचून ठरवतो.

चकवा

मोबाइलमध्ये त्या दिवसाचा रिमाइंडर लावा. रद्द करायचं म्हणून बुक करणारे बहुतेक जण रद्द करायचं विसरतात.